पाच तारखेची सही

कारखान्यात तिला सगळ्या कॉलरवाली म्हणत. शर्टाला कॉलर लावावी तर तिनंच, टाका इकडचा तिकडे व्हायचा नाही. नऊ दिवसांनी तिची नोकरी पक्की व्हायची होती आणि तिला चौथा महिना लागला होता. हे फक्त नवऱ्याला आणि नणंदेला ठाऊक होतं.

कारखान्यात एक वही असे. बायकांनी दर महिन्याला औषधांच्या कपाटातून पॅडचं पाकीट न्यायचं आणि वहीत सही करायची. ऑफिसातल्या मॅडम याला कंपनीची माया म्हणत. पण दोन महिने सही दिसली नाही की दिवस गेले असं धरून त्या बाईला ऑफिसात बोलावणं यायचं आणि ती चपला घालून कायमची घरी जायची. असली माया वैऱ्यालाही नको! म्हणून कॉलरवाली न चुकता पाकीट नेत होती.

शनिवारी दुपारी तिला बोलावणं आलं. तोंडचं पाणीच पळालं.

साहेबांसमोर वही उघडी होती. "पाच तारीख, पाच तारीख, पुन्हा पाच तारीख. बाई, कुणाचं अंग असं कॅलेंडर बघून चालतं?"

तिनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. मापात काम करायची खोड इथंही नडली होती.

"दिवस गेलेत ना?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "घरगुती कारणानं नोकरी सोडते, असं लिही. दाखला चांगला देऊ. नाहीतर कुठंच दारात उभं करणार नाहीत तुला."

तिनं पेन उचललं. नणंदेनंही दुसऱ्या कारखान्यात असंच लिहून दिलं होतं. मग वकील म्हणाले, "तुम्हीच सोडलीत, आता भांडू कशावर?" नणंद दोन दिवस जेवली नव्हती.

कॉलरवालीनं पेन साहेबांपुढे ठेवलं. आता तिला राग आला होता.

"हो, गेलेत दिवस. काढताय तुम्ही, तर लिहा पण तुम्हीच. मूल होणार म्हणून काढलं, एवढंच लिहा. खाली सही-शिक्का द्या, मी जाते."

"जास्त शहाणपणा करू नकोस!"

"शहाणी असते तर तारखा बदलल्या नसत्या का?"

साहेबांनी पेन उचललं. मॅडम घाईनं म्हणाल्या, "साहेब, असं लिहून देऊ नका. कायद्यात अडकू आपण."

"मग मी मशीनवर जाते," ती म्हणाली.

जीव मुठीत धरून ती दारापर्यंत गेली. मागून कुणी हाक मारली नाही.

"काय गं, काय झालं?" शेजारच्या मशीनवरल्या बाईनं विचारलं.

"मला चौथा महिना आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

मशिनी थांबल्या. मग मागच्या रांगेतली बटणवाली ऑफिसच्या दाराकडे बघत हळूच म्हणाली, "मला तिसरा."