कोकणात नेलेले नारळ

कोकणात पोतंभर नारळ घेऊन जाणारं आमचं वऱ्हाड बहुधा पहिलंच असेल. नारळ शिरूरच्या बाजारातले, म्हणजे मुळात कोकणातूनच आलेले. त्यांना परत माहेरी नेण्याची जबाबदारी गेणबाआप्पांनी आपणहून अंगावर घेतली होती. आणि मी नीलम, नवरदेवाची थोरली बहीण, करवली म्हणून पैठणी नेसून त्या पोत्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले होते, कारण गाडीत दुसरीकडे जागा नव्हती.

आप्पा आमच्या वडिलांचे चुलते. भावकीतल्या लग्नांत त्यांच्याकडे एकच काम असायचं, शिवेवर नारळ फोडण्याचं. नवरदेवाची गाडी एका गावाची हद्द ओलांडून दुसऱ्या गावात शिरताना थांबवायची, गाडीवरून नारळ ओवाळून उतरवायचा, हद्दीच्या दगडावर फोडायचा, खोबरं वाटायचं आणि पुढं निघायचं. पूर्वी सोयरिकी पंचक्रोशीत व्हायच्या, तेव्हा चार-पाच नारळांत काम भागायचं. पुढं सगळी लग्नं न्हावऱ्याच्या कार्यालयांत व्हायला लागली आणि आप्पांचं काम गेलं. मग आमच्या विक्रमनं, म्हणजे नवरदेवानं, चाकणच्या कंपनीत श्रीवर्धनची मुलगी पसंत केली. ही बातमी ऐकून घरात सगळ्यांचे चेहरे पडले, एकट्या आप्पांचा खुलला. आमच्या भागातला हमरस्ता पुण्यातून मुळशी, ताम्हिणीमार्गे थेट समुद्राकडे जातो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या दृष्टीनं तो शिक्रापूरला अडकायचा रस्ता होता.

मुलीचे वडील हरेश्वर तांडेल यांच्या दोन मच्छीमारी होड्या आहेत. साखरपुड्याला आम्ही दुपारच्या जेवणाला म्हणून निघालो आणि रात्रीच्या जेवणाला पोचलो. तेव्हाच त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "गोरज मुहूर्त आहे. सूर्य पाण्यात बुडायच्या आत अक्षता पडल्या पाहिजेत. नाही पडल्या तर मुलगी माझ्या घरी, तुम्ही तुमच्या घरी." सृष्टी, म्हणजे माझी होणारी भावजय, विक्रमला नंतर फोनवर म्हणाली की बाबा बोलतात ते करतात. तेव्हापासून विक्रमची झोप उडाली होती.

म्हणून आई-वडील आणि बाकीचं वऱ्हाड आदल्या दिवशीच मोठ्या बसनं पुढं गेलं. नवरदेवानं मात्र लग्नाच्या दिवशीच गावच्या मारुतीच्या पाया पडून निघायचं, अशी आमच्यात पद्धत. त्यामुळं सकाळी इक्बालभाईंच्या ट्रॅव्हलरमध्ये विक्रम, मी, आप्पा आणि गाडीत झोप काढणारे सात-आठ पाहुणे असे निघालो. मी रांजणगावच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. ट्रक किती वाजता निघाला तर कुठं कधी पोचेल, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. मी हिशेब केला होता, दुपारी उशिरात उशिरा तीनला श्रीवर्धन. आप्पांचं पोतं त्या हिशेबात नव्हतं.

आमच्या इनामगावात जमीन खणली की तीन हजार वर्षांपूर्वीचे रांजण निघतात. आप्पांची रीत त्याच्याही आधीची असावी. गाव सोडून गाडीनं जरा वेग घेतला, तोच ते म्हणाले, "इक्बाल, थांबीव. शीव आली."

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. पुढं न्हावरे, मग आणखी एक गाव, मग तळेगाव. आप्पांना तिकडच्या सगळ्या हद्दी पाठ. कुठं ओढा, कुठं बाभळ, कुठं शेंदूर फासलेला दगड. शिक्रापूरला मी म्हणाले, "आप्पा, आता आपण हायवेला लागलो. हायवे सरकारचा असतो. त्याच्यावर शीव नसते."

"रस्ता सरकारचा," आप्पा म्हणाले, "शीव म्हसोबाची."

मला वाटलं इक्बालभाई तरी माझ्या बाजूनं बोलतील. पण त्यांना भलताच हुरूप आला होता. ते आता आप्पांच्या आधीच हद्दी शोधायला लागले. "आप्पा, ही बघा, पाटी बदलली. फोडा." असं म्हणून ते स्वतः खाली उतरायचे आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा घेऊन चढायचे. मी आरशातून डोळे वटारले तर म्हणाले, "नीलमताई, लग्नाचं काम हाय. घाई करून कसं व्हईल?"

वाघोलीच्या पुढं आप्पांची पंचाईत झाली. जिकडं बघावं तिकडं वीस-वीस मजल्यांच्या इमारती, ओढा नाही की बाभळ नाही. त्यांनी एका सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनला गाठलं आणि गावाची हद्द कुठं आहे म्हणून विचारलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाबा, इधर गाँव नहीं है. फेज वन है, फेज टू है." आप्पांनी थोडा विचार केला आणि फेज वन व फेज टू यांच्या मधोमध नारळ फोडला. वॉचमननंही प्रसाद घेतला.

पुण्यात तर महापालिकेनं गिळलेल्या जुन्या गावांची नावं आप्पा एकेक करून आठवायला लागले. मी म्हणाले की ती गावं आता राहिली नाहीत. ते म्हणाले, "गाव गिळलं म्हून देव गिळला का?" एका पुलाच्या तोंडाशी ट्रॅफिक हवालदारानं गाडी अडवली. त्यानं आधी आप्पांच्या हातातला नारळ बघितला, मग मुंडावळ्या बांधून घामाघूम झालेला नवरदेव बघितला आणि म्हणाला, "फोडा लवकर आणि निघा. मागं हॉर्न वाजवतायत."

एव्हाना गाडीतल्या सगळ्यांच्या पोटात खोबऱ्यानं कळा सुरू झाल्या होत्या. विक्रम सकाळपासून आप्पांना एक शब्द बोलला नव्हता. तो लहानपणापासून असाच. मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, आतल्या आत उकळायचं. सृष्टीचा फोन आला की तो खिडकीकडं तोंड करून "निघालोय, निघालोय" एवढंच म्हणायचा. पौड गेलं, मुळशीचं धरण दिसलं, आणि ज्या वेळी आम्ही माझ्या हिशेबानं माणगावात असायला हवं होतं, त्या वेळी ताम्हिणीच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो होतो. आईचे फोनवर फोन येत होते. मंडपात तांडेल येरझाऱ्या घालतायत, म्हणत होती.

चहा झाल्यावर गंमत अशी झाली की गाडीत मला पाय ठेवायला ऐसपैस जागा मिळाली. विक्रम म्हणाला, "पोतं मागं डिकीत टाकलंय, ताई. तुला अवघडल्यासारखं होत होतं ना." मला भरून आलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा भाऊ बहिणीची काळजी करतोय म्हणून मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

घाटात आणि घाटाखाली आप्पांनी पोत्यातून आधीच मांडीवरच्या पिशवीत काढून ठेवलेले नारळ वापरले. पिशवीत बरेच होते, ते निजामपूर, माणगाव करत म्हसळ्याच्या पुढंपर्यंत पुरले. आता दोन्ही बाजूंना माडांच्या वाड्या लागल्या होत्या. हवा खारट झाली, ऊन तिरपं झालं. श्रीवर्धनची हद्द दाखवणारा दगड दिसला, इक्बालभाईंनी ब्रेक मारला, आप्पांनी पिशवीत हात घातला आणि तो रिकामाच बाहेर काढला.

"इक्बाल, डिकीतलं पोतं काढ."

इक्बालभाई मागं जाऊन आले. "आप्पा, डिकीत स्टेपनी हाय. पोतं न्हाई."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. विक्रम तेवढा बुटाकडं बघत होता. मग त्याच्या तोंडून आप्पांसाठी त्या दिवसातलं पहिलं वाक्य बाहेर पडलं. "मी त्या च्याच्या टपरीवर देऊन टाकलं, आप्पा. म्हणलं नारळ संपलं की थांबायचं संपंल."

त्याचा हिशेब माझ्या हिशेबापेक्षा बरा नव्हता. नारळ संपल्यामुळं थांबायचं संपलं नाही, निघायचं संपलं. आप्पा रागावले नाहीत. शांतपणे खाली उतरले, दगडाशेजारच्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "नारळ येईस्तोवर नवरदेव शीव वलांडनार न्हाई."

मी म्हणाले, इक्बालभाई गाडी घेऊन पुढं बाजारात जातील आणि आणतील. आप्पा म्हणाले, नवरदेवाची गाडी म्हणजे नवरदेवच, तीही ओलांडणार नाही. माझ्या डोक्यावर हजारो नारळ लटकत होते. शेजारच्या वाडीच्या फाटकाला कुलूप होतं आणि आत कुत्रं मोकळं होतं. रस्त्याकडेच्या गाडीवर शहाळी होती, ती मी धावत जाऊन आणली. आप्पांनी एक हातात घेऊन फिरवून बघितलं. "ह्याला शेंडी कुठाय?" म्हणाले आणि पाणी पिऊन टाकलं.

मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि त्याच वेळी आप्पांना उचलून गाडीत कोंबावंसंही वाटत होतं. सूर्य माडांच्या शेंड्यांपर्यंत खाली आला होता. विक्रमनं शेवटी सृष्टीला फोन लावला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला माझ्या भावाची दया आली. "एक नारळ पाहिजे," तो म्हणाला. "सोललेला. शेंडीवाला. शिवेवर. आत्ता."

पलीकडून फोनच बंद झाला.

थोड्या वेळानं गावाकडून एक स्कूटर भरधाव आली. हिरवा शालू, हातभर चुडा, मुंडावळ्यांवर हेल्मेट, आणि पायाशी पिशवीत नारळ. नवरी स्वतःच आली होती. तिच्या मागोमाग मोटारसायकलवर फेटा बांधलेले तांडेल. ऐन मुहूर्ताच्या तोंडावर मुलगी स्कूटरला किक मारून निघाली म्हटल्यावर त्या माणसाला काय वाटलं असेल, कोण जाणे.

गाडी स्टँडला लावून ते तरातरा आले. "सूर्य बघा कुठं आलाय. मंडपात पाचशे माणूस बसलंय आणि तुम्ही इथं मोरीवर बसलाय? काय सांगितलं होतं मी?"

 मी पुढं होणार तेवढ्यात आप्पा उठले. धोतराची धूळ झटकली आणि हात जोडले.

"पाव्हणं, तुमच्या गावची लेक न्याला आलोय. इचारल्याबिगर गावात कसं शिरायचं? आमच्यात नारळ म्हंजी इचारनंच. सकाळधरनं वाटंतल्या परत्येक गावाला इचारीत आलो, आमचा नवरदेव तुमच्या शिवंतनं जाऊ द्या म्हून. कुणी न्हाई म्हणलं न्हाई. आता तुमचं गाव ऱ्हायलं. म्हून बसलोय."

 मी चाट पडले, कारण दिवसभर आप्पांवर चिडले होते, पण ही रीत कशासाठी, हे मी एकदाही त्यांना विचारलं नव्हतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. पोरांनी एकमेकांना पसंत केलं, आम्ही तारीख कळवली, मंडप ठरला, पत्रिका छापल्या. या सगळ्यात त्या माणसाला मुलगी देता का म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी अटी घातल्या, त्या आम्ही ऐकल्या, आणि त्या अटींनाच होकार समजून चाललो.

तांडेलांनी एकदा समुद्राच्या बाजूला, खाली आलेल्या सूर्याकडं बघितलं. मग त्यांनी सृष्टीकडं हात पुढं केला. "आण तो नारळ."

"बाबा, ते फोडतील ना," ती म्हणाली.

"त्यांनी विचारलं. उत्तर मी द्यायचं."

त्यांनी नारळ आमच्या गाडीवरून उतरवला. आप्पांनी दाखवलं तसा, सावकाश, तीनदा. मग गुडघ्यावर बसून एका फटक्यात दगडावर फोडला. पाणी त्यांच्या कोऱ्या धोतरावर उडालं. अर्धी वाटी त्यांनी आप्पांच्या हातात दिली आणि अर्धी विक्रमच्या, आणि विक्रमचा हात मात्र लवकर सोडला नाही. सृष्टी हेल्मेट घालून रडत होती, त्यामुळं तिला डोळे पुसता येईनात.

मग आम्ही सुटलो. पुढं स्कूटर, मागं मोटारसायकल, त्यामागं इक्बालभाईंचा न थांबणारा हॉर्न. मंडपात पोचून अंतरपाट धरला तेव्हा भटजींनी समुद्राकडं नजर टाकली. पाण्यावर नुसती लाली उरली होती. ते अदबीनं तांडेलांच्या कानाशी लागले, पण पुढं उभी असल्यानं मला सगळं ऐकू आलं.

"सूर्य बुडाला. तुम्हीच म्हणाला होतात, त्याच्या आत नाही झालं तर..."

"नारळ फुटला तेव्हा वर होता," तांडेल म्हणाले. "लग्न तिथंच लागलं. आता तुम्ही तेवढ्या मंगलाष्टका म्हणा."