एक घर चुकलेला उंट

रविवारच्या बुद्धिबळ सामन्यात चौथ्या पटावर कोण बसणार, ते आज ठरायचं होतं. गेली अकरा वर्षं तिथं मावशी बसायची. कपडे शिवून बोटांना घट्टे पडलेले, आणि क्लबातल्या निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी धूळ चारलेली. पण गेल्या महिन्यात तिनं क्लबाची किल्ली दोनदा हरवली आणि सेक्रेटरीच्या मनात पाल चुकचुकली. सेक्रेटरी म्हणजे तिचा सख्खा भाचा.

"मावशी, रागावू नकोस. पण हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही."

"किल्ली राहत नाही. किल्लीशी मी कधी खेळले नाही. घे की परीक्षा!"

भाच्यानं सोंगट्या मनाला येतील तशा पटावर मांडल्या, दहा सेकंद दाखवल्या आणि वर टॉवेल टाकला. शेजारच्या पटावर मावशीनं हुबेहूब तसंच मांडायचं. जेमतेम पाच सोंगट्या बरोबर पडल्या. मागून कोणीतरी च्च केलं. भाच्याचंच तोंड उतरलं.

मावशी मात्र ढिम्म. "ही काय रे मांडणी? पिशवी उपडी केल्यासारखी! खेळलेला डाव मांड."

भाच्यानं कपाटातून जुन्या सामन्यांची वही काढली आणि एका डावाची मधली स्थिती मांडली. पुन्हा दहा सेकंद, पुन्हा टॉवेल. मावशीचे हात मशीनवर चालावेत तसे चालले. राजा, हत्ती आणि पुढची तीन प्यादी एका दमात, मग घोड्यावर डोळा ठेवून बसलेला उंट. सव्वीसच्या सव्वीस सोंगट्या.

भाच्यानं टॉवेल उचलला. "सगळं बरोबर. फक्त हा पांढरा उंट एक घर चुकलाय."

मावशीनं दोन्ही पट निरखले आणि खुदकन हसली. "माझा नाही, तुझा चुकलाय. पांढऱ्याची आठही प्यादी जिवंत आहेत, म्हणजे एकाही प्याद्याचा नवा उंट झालेला नाही. आणि उंट आपल्या घराचा रंग कधी सोडत नाही. मग तुझे दोन्ही उंट काळ्या घरांत कसे रे? वही बघ."

भाच्यानं वहीवर बोट फिरवलं. कान लाल झाले. "पण मावशी, मी चुकलोय हे तुला दहा सेकंदांत दिसलं?"

"छे! दिसलंच नाही. हातानं आपला तो त्याच्या घरी नेऊन ठेवला."

भाच्यानं यादीत चौथ्या पटापुढे तिचं नाव लिहिलं. "रविवारी नऊ वाजता."

"येते. किल्ली मात्र तू आण."