नसलेल्या खुराड्याचा उंबरा

नवं खुराडं बांधायचं की नाही यावरून बाप-लेकीचं जे जुंपलं ते तीन दिवस चाललं, आणि त्यातले दोन दिवस बाबा चकार शब्द बोलले नाहीत. भिंगरी एकटीच दोघांच्या वाटचं भांडत होती.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नाही. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. एका जागी बूड टेकत नाही म्हणून आईनंच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. कोंबड्याही आईच्याच, आठ. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून आईनं आपल्या हातानं त्यांचं खुराडं बांधलं होतं, आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच्याच दारात, दाण्यांची वाटी हातात असताना, आई पडली ती उठलीच नाही. तेव्हापासून बाबा मागच्या दारानं परसात उतरत नसत. गोठ्यात जायचं तर पुढून अख्ख्या घराला वळसा घालत.

बाबांनी आधीच एकदा सांगून टाकलं होतं, की ते खुराडं नजरेसमोर नको आणि कोंबड्याही नकोत. रविवारी कोंबडीवाला येतो, त्याच्या टोपलीत घालू. भिंगरी म्हणाली, आईच्या कोंबड्या कापायला द्यायच्या नाहीत, परसाच्या पार दुसऱ्या टोकाला मी नवं बांधते. तिसऱ्या दिवशी बाबा एकदाचे बोलले.

"बांध. पण जुन्याची एक काडी त्यात लावायची नाही. आणि तिथे त्या रुळल्या नाहीत, तर मग मला अडवायचं नाही."

झालं, भिंगरीच्या पायाला चाकं लागली. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढून ती सुतारकाकांकडे गेली. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, नकाशा उलटासुलटा केला आणि विचारलं, की हे खुराडं आहे की सरकारी कचेरी? भिंगरीनं सहा खिडक्या काढल्या होत्या. काकांनी पाच खोडल्या आणि पत्र्याखाली वीतभर फट ठेवायला सांगितली. कोंबडीला वारा डोक्यावरून हवा, अंगावरून नको. बसायची काठी मनगटाएवढी जाड हवी, आणि अंड्यांच्या खोक्यांपेक्षा वर, नाहीतर कोंबड्या खोक्यांतच झोपतात आणि घाण करून ठेवतात.

सामान तिनं गावभर फिरून जमवलं. भाजीवाल्याची मोडकी खोकी, गळक्या टाकीचा कापलेला पत्रा, बिजागऱ्यांच्या जागी सायकलच्या टायरचे तुकडे. जुने खिळे उपटून दगडावर ठोकून सरळ केले, त्यात अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, तेही ती वर्गात मिरवत होती. विकत आणली ती फक्त जाळी, अगदी बारीक भोकांची, कारण मुंगूस करंगळीएवढ्या फटीतूनही हात घालतं. खुराड्यापुढे जाळीचं छोटं अंगण केलं, जाळीचा खालचा काठ वीतभर मातीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवला. उकरणारा जिथे उकरेल तिथेच त्याला जाळी लागावी.

पंधराव्या दिवशी, बुधवारी, खुराडं उभं राहिलं. जरासं डावीकडे कललं होतं, पण पक्कं होतं. त्याच सकाळी बाबांनी पुढून वळसा घालून, कुऱ्हाड घेऊन, जुनं फोडून काढलं. फळ्या चुलीत गेल्या. जागा झाडून, पाणी मारून, सपाट केली. भिंत तेवढी उरली.

दिवस कलला तशा कोंबड्या परतल्या. नव्या खुराड्याकडे एकीनं मान वळवली नाही. सरळ भिंतीशी आल्या आणि एकामागून एक रांगेत उभ्या राहिल्या, जिथे दार होतं तिथे. पुढे होती लंगडी, सगळ्यांत म्हातारी. तिनं मान खाली घातली, चौकट नव्हती तरी. पाय उचलला आणि नसलेल्या उंबऱ्यावरून उडी मारून पलीकडे गेली. मग दुसरी. मग तिसरी. आठही जणी त्या मोकळ्या जमिनीवर अंग चोरून, एकीला एक चिकटून बसल्या आणि बारीक घुमायला लागल्या, आई दाणे घेऊन आली की घुमायच्या तशाच.

भिंगरी दोन पावलं मागे सरली. वर स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लागली. बाबांनी पाहिलं होतं.

तिनं एकेकीला काखेत मारून नव्या खुराड्यात नेऊन कोंडलं आणि सकाळी दार उघडून दिलं. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा तेच, तीच रांग, तीच उडी. शेजारची मावशी कुंपणावरून बघत होती. हलक्या आवाजात म्हणाली, की तुझी आई अजून तिथेच उभी आहे गं, हाक मारते त्यांना, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. भिंगरीनं उडवून लावलं, असलं काही नसतं म्हणून विज्ञानाच्या बाईंचा दाखला दिला. पण मावशी आत गेल्यावर ती भिंतीला कान लावून बराच वेळ उभी राहिली. वाटी वाजल्यासारखं वाटलं. घरातलंच भांडं असेल.

शुक्रवारी तिला शाळेतून यायला उशीर झाला. मोकळ्या जमिनीवर सात बसल्या होत्या, आणि आठव्या, पांढऱ्या कोंबडीची पिसं कुंपणापर्यंत ओढत गेली होती.

"रविवारी," बाबा आतूनच म्हणाले.

शनिवारी ती सुतारकाकांपुढे जाऊन रडलीच. काकांनी रंधा थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"अगं, सकाळी दार उघडायला कुणी सांगितलं तुला? कोंबडीला घर कळत नाही, पोरी, तिला जागा कळते. अंगण कशाला केलंस मग? सहा दिवस आतच ठेव. दाणापाणी आत, ऊन आत. जुनं आपोआप सुटतं."

बाबांना तिनं फक्त सहा दिवस मागितले. सातव्या दिवशी त्या भिंतीशी आल्या तर पाय बांधून मीच टोपलीत ठेवीन, म्हणाली. बाबांनी बराच वेळ तिच्या काळ्या नखाकडे पाहिलं. रविवारी कोंबडीवाला दारातून रिकामा परत गेला.

ते सहा दिवस वाईट गेले. दिवस कलला की सातही जणी भिंतीच्या बाजूच्या जाळीला छाती लावून उभ्या राहायच्या आणि घुमायच्या. भिंगरी वही घेऊन जवळ बसायची, मागे वळायची नाही. पाठीमागे कुणीतरी त्यांच्या हाकेला थांबलंय असं वाटायचं, आणि आपणच तिला ताटकळत ठेवलंय असंही. चौथ्या दिवशी जाळीशी तिघीच होत्या. पाचव्या दिवशी एकटी लंगडी. सहाव्या दिवशी कुणीच नाही. स्वयंपाकघराची खिडकी मात्र रोज त्या वेळी बोटभर उघडी असायची.

सातव्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं आणि शाळा बुडवली. संध्याकाळी कोंबड्या शेताकडून आल्या. निम्म्या परसात लंगडी थांबली. एक पाय पोटाशी धरून तिनं भिंतीकडे पाहिलं. मग लंगडीनं पाय खाली टेकला आणि नव्या खुराड्याची वाट धरली. बाकीच्या मागोमाग. काठीवर सात. तिनं दोनदा मोजल्या आणि अख्ख्या गावाला सांगायला म्हणून वळली.

मागचं दार उघडं होतं. त्या सपाट केलेल्या जागेवर बाबा उभे होते, अनवाणी.

"गेल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"सहाच दिवसांत." त्यांनी पायानं माती सारखी केली, सारखीच असून. "तू हो आत. मी येतो थोड्या वेळानं."

ती आत गेली नाही. परसाच्या टोकाला जाऊन खुराड्याची कडी लावली, ओढून पाहिली. परत आली तरी बाबा तिथेच होते. अंधार पडत चालला होता. तिनं स्वयंपाकघरातला दिवा लावला, त्याचा उजेड त्यांच्या पायांपर्यंत पोचेल असा सरकवला, आणि दार उघडंच ठेवलं.