गुलाल माझ्यावरही पडला

मी एक जुना ऑक्सिजन सेन्सर आहे. मित्रांनो, नाव ऐकून तोंड वाकडं करू नका! गाडीचा धूर ज्या नळीतून बाहेर जातो ना, त्या नळीत इंजिनाजवळ मी नाक खुपसून बसायचो. दिसायला बोटाएवढा, पाठीला एक वायर. धुराचा वास घ्यायचा आणि जे खरं असेल ते गाडीला सांगायचं, एवढंच माझं काम. पेट्रोल जास्त झालं, हवा कमी पडली, सगळं आधी मला कळायचं.

कोडोलीच्या बाळासोंच्या पांढऱ्या गाडीत मला जागा मिळाली. जागा कसली, भट्टीच ती! तिथं पापड ठेवला असता तर क्षणात भाजला असता. पण मी कधी कुरकुर केली नाही. बाळासो पाहुण्यांना सांगायचे, "गाडीचं अॅव्हरेज बघा की, नाद खुळा!" त्या कौतुकात माझाही वाटा आहे, असं मी मनातल्या मनात म्हणायचो.

मग आली जोतिबाची यात्रा. डोंगरावर गुलालाचा नुसता पाऊस! पांढरी गाडी गुलाबी झाली. बाळासोंना इतका आनंद झाला की त्यांनी गाडी उभी करून, इंजिन चालू असतानाच बॉनेट उघडलं.

"इंजिनालाबी लागू दे की देवाचा गुलाल! चांगभलं!"

दोन्ही ओंजळी भरून त्यांनी आत गुलाल उधळला. समोरच इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळीचं तोंड होतं. तिनं सगळा गुलाल आत ओढून घेतला आणि हवा गाळणाऱ्या फिल्टरवर त्याचा थर बसला. इंजिन गुदमरलं. मी लगेच ओरडलो, "हवा कमी पडतेय! हवा!" माझं ओरडणं म्हणजे काय, तर स्टिअरिंगसमोरचा पिवळा दिवा.

बाळासोंची मुलगी स्वप्नाली दहावीत. तिला तो दिवा दिसला. "पप्पा, गाडी कायतरी सांगाय लागलीया."

"सांगू दे. लई बोलती हल्ली."

असं म्हणून त्यांनी स्वप्नालीच्याच टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. माझ्या तोंडावर टिकली! तरी मी सांगतच राहिलो. शेवटी काळा धूर निघायला लागला, तेव्हा गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गुंडूच्या गॅरेजला आली. मला वाटलं, चला, आता कुणीतरी ऐकेल.

गुंडूनं बिघाड दाखवणारं यंत्र गाडीला जोडलं. "ह्यो बघ, सेन्सरचं नाव आलंय. ह्योच खराब झालाय."

अहो, नाव आलं कारण तक्रार मी केली होती! फिल्टरचं झाकण एकदा उघडा, एवढंच माझं मागणं होतं. नाहीतर माझी जागा जाणार होती.

स्वप्नाली गुंडूला म्हणाली, "मामा, त्यो खरं सांगत असला तर?"

"गप गं, लई शाणी," बाळासो म्हणाले. "काढ रं गुंडू."

काढ म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं उष्णतेत बसून माझे आटे नळीला गंजून चिकटले होते. गुंडूनं गंज सोडवायचं तेल मारलं, पाना लावला. पाना सटकला आणि माझे कोपरे झिजले.

"घर सोडंना झालंय बेनं!" बाळासो हसले.

मग गोल पाना घालायला अडचण नको म्हणून गुंडूनं माझी वायर कापली. मित्रांनो, ती माझी जीभ होती. त्यानंतर नळी ज्योतीनं लाल होईपर्यंत तापवली आणि मला पिळून काढलं. माझे निम्मे आटे तिथंच राहिले. मी भंगाराच्या डब्यात पडलो. गुंडूनं नळीचे आटे साफ करून नवा सेन्सर बसवला. टिकली काढली. सगळे खूश!

कोडोली यायच्या आत तोच पिवळा दिवा पुन्हा लागला. नव्यानंही तेच सांगितलं होतं. बाळासो तणतणत परत आले आणि मग कुठं गुंडूनं फिल्टरचं झाकण उघडलं.

"आयला! बाळासो, ह्यात अख्खी यात्रा भरलीया की!"

"म्हंजे जुना बरोबर हुता व्हय?"

"व्हय की. पर आता काय उपेग त्येचा?"

दोघं पोट धरून हसले. स्वप्नालीही हसली, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. एकानंही डब्यात डोकावून पाहिलं नाही.

मित्रांनो, कुणी वाईट बातमी सांगितली तर आधी ती बातमी तपासा, पाना नंतर घ्या. जपायचं असेल तर खरं बोलणाऱ्याला जपा. तो तुटल्यावर 'त्याचं बरोबर होतं' असं म्हणून काय फायदा?

गुंडूनं तो फिल्टर माझ्याच डब्यावर आपटून झाडला. आमच्या कोल्हापुरात जो जिंकतो, त्याच्या अंगावर गुलाल पडतो. माझ्याही पडला. मी भंगारात होतो, एवढंच.