टोपलीतले सात दिवस

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सध्या मुक्काम दाराजवळच्या वेताच्या टोपलीत. शेजारी आज एक तुटकी छत्री आणि जोडीदार हरवलेला मोजा आहे. तळहातावर मावेन एवढीच मी, पण अकरा वर्षं एका घराचं सगळं पोटात ठेवलं. पोटातलं ओठावर मात्र कधी आणता आलं नाही, आणि तेच माझं दुखणं आहे. ऐका तर.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण खपत नसे. माणसंसुद्धा डोक्यापासून पायापर्यंत झाकून यायची, नुसते डोळे दिसायचे. माझ्या आत आरशासारख्या चकचकीत चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावरचं लिहायला-वाचायला एक बारीक हात दिला. चकत्या गरगर फिरायच्या, हात भराभर चालायचा. मग एका लॅपटॉपच्या पोटात माझी रवानगी झाली आणि तो लॅपटॉप बाबांच्या घरी आला.

बाबा बस डेपोत घोषणा करायचे. त्यांनी "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटत आहे" म्हटलं, की माणसं हातातला चहा टाकून पळायची. सोबतचे त्यांना 'भोंगा' म्हणत, आणि बाबांना त्याचा राग तर सोडाच, अभिमानच होता. घरीही आवाज तोच. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, म्हणायची, "बाबा, हळू बोला हो, शेजारी पिशव्या घेऊन गाडी पकडायला निघतील!"

मी गाड्यांची वेळापत्रकं सांभाळली, ताईच्या लग्नाचे फोटो सांभाळले, विजेच्या बिलांपासून बाबांनी कुणाला न दाखवलेल्या चार तक्रार अर्जांपर्यंत सगळं सांभाळलं. काहीही मागितलं की क्षणात हजर. "गुणाची आहे हो," असं म्हणून बाबा लॅपटॉपवर थोपटायचे. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आता हसू नका.

या घराची एक रीत आहे, ती सांगायलाच हवी. इथे कुठलीही वस्तू एकदम फेकत नाहीत. आधी ती टोपलीत जाते आणि सात दिवस तिथे राहते. तेवढ्यात कुणाला आठवण झाली तर त्यानं उचलावी, नाहीतर आठव्या दिवशी बाहेर. नियम बाबांचाच. डेपोत त्यांच्या खिडकीला लागून हरवलेल्या सामानाची खोली होती. टाकलेल्या वस्तूच्या मागे कुणी ना कुणी धावत येतंच, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

मग बाबांच्या घशाला आजार झाला. ऑपरेशन करावं लागणार, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. ताईला तेव्हा सातवा महिना होता. ती हट्टालाच पेटली. "माझ्या बाळानं आजोबांचा आवाज ऐकायचाच नाही का?" खोलीत आवाज घुमू नये म्हणून कपड्यांचं कपाट उघडून ती बाबांना त्याच्यासमोर बसवायची. आठ दिवसांत एकतीस ध्वनिमुद्रणं झाली. गोष्टी, चिडवाचिडवी, उजळणी, सगळे थांबे क्रमानं. एकात तर बाबा न जन्मलेल्या बाळालाच हाक मारत होते, "कोण आहे तिकडे आत? पुढे या, पुढे या, जागा भरपूर आहे!" ते सगळं मी चकतीवर जपून लिहून घेतलं.

ऑपरेशननंतर बाबांनी त्यातलं एक लावलं. अर्धंही ऐकलं नाही. झाकण मिटलं आणि दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एकतीसच्या एकतीस त्यांनी लॅपटॉपच्या कचरापेटीत टाकली. पण पेटी रिकामी केली नाही. त्यांच्या लेखी ती दाराजवळच्या टोपलीसारखीच होती. टाकवत नव्हतं आणि ऐकवतही नव्हतं, काय करणार बिचारे? दर रविवारी पेटी उघडायचे, यादीवरून नजर फिरवायचे आणि बंद करायचे. ताईनं दोनदा विचारलं. बाबांनी वहीत लिहिलं, "नंतर". तिनं पुन्हा विषय काढला नाही.

नात झाली, तीन वर्षांची झाली. तिच्यासाठी आजोबा म्हणजे टेबलावर चमचा वाजवणारा माणूस. एकदा वाजवला की ये, दोनदा वाजवला की नको.

इकडे माझंही वय झालं. चकतीवर जागोजागी जखमा झाल्या, हात अडखळायला लागला, आतून टक-टक असा आवाज यायला लागला. लॅपटॉप सुरू होईपर्यंत ताईची सगळी भांडी घासून व्हायची. "हे धूड एक दिवस आपल्याला रडवणार," ती म्हणाली आणि बाबांना घेऊन दुरुस्तीवाल्याकडे आली.

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉपला कान लावला. "डिस्क बदला, नाहीतर सगळंच जाईल. एक मिळेल हिच्यासारखीच, फिरणारी. जागा भरपूर, पण चाल हीच. दुसरी नव्या तऱ्हेची, आत काही फिरतच नाही. लॅपटॉप नुसता पळेल. फक्त आज माझ्याकडे आहे ती निम्म्या जागेची."

"आणि ती पट्टीसारखी येते ती?" ताईनं विचारलं.

"ती यात बसायची नाही. लॅपटॉप जुना, त्याला ही चपटी डबीच लागते."

बाबांनी वहीत लिहिलं, "मोठी घ्या. हळू चालली तर थांबू."

"बाबा, एवढं काय साठवायचंय तुम्हाला? मला रोज हे रडगाणं नको. निम्मी चालेल."

बाबांची पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच राहिली. लिहा ना, बाबा, लिहा! मी आतून जिवाच्या आकांतानं टक-टक करत होते. पण मुलीला काय सांगणार, तू हट्टानं करून घेतलेलं मी कचऱ्यात टाकलं म्हणून? ते वही मिटून मागच्या स्टुलावर बसले.

"निम्म्या जागेत बसवायचं तर थोडं रिकामं करू," दुरुस्तीवाला म्हणाला. "कचरापेटीत बरंच पडलंय. काढू?"

"कचराच ना? काढा की."

दोघांचे डोळे पडद्यावर, बाबा त्यांच्या पाठीमागे. ते ताडकन उठले. तोंड उघडलं. आवाज कुठून येणार? त्यांनी काउंटरवर जोरात थाप मारली, दोघं दचकून वळले, पण दुरुस्तीवाल्याच्या बोटानं आपलं काम केलं होतं. ज्यांच्या एका शब्दावर सुटलेली गाडी थांबायची, त्यांना एक बोट थांबवता आलं नाही.

त्यांनी वही ओढून लिहिलं, "त्यात माझा आवाज होता."

"कचऱ्यात?" ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, कचऱ्यात ठेवला होतात?"

त्यांनी एकच शब्द लिहिला. "टोपलीत."

तो वाचून तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती रडायला लागली.

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप झटकन बंद केला. "ताई, धीर धरा. आतलं अजून पुसलं नाहीये, नुसती दारावरची पाटी निघालीये. पण आता हिच्यावर अक्षरही लिहायचं नाही. आणि हिच्यात किती जीव उरलाय, ते देव जाणे."

मित्रांनो, त्या दिवशी मी जिवाचं रान केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझा मोडका हात चकतीवर फिरत होता. एकेक आवाज मी शोधून दिला. एकोणीस दिले. विसाव्याला हात जखमेत अडकला, चकती थांबली आणि मग ती पुन्हा फिरलीच नाही. बारा माझ्यातच राहिले.

ताईनं दुकानातल्या मोठ्या जागेच्या दोन डिस्क घेतल्या, एक लॅपटॉपमध्ये, दुसरी प्रतीसाठी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

घरी तिनं पहिलं ध्वनिमुद्रण लावलं. "फलाट क्रमांक चार! छोट्या प्रवाशांनी आजोबांचा हात सोडू नये!" नात लॅपटॉपच्या मागे जाऊन बघून आली. "कोण ओरडतंय?" बाबांनी चमच्यानं स्वतःची छाती दाखवली. तिनं जोरात मान हलवली. "नाही. आजोबा बोलत नाहीत." मग जरा वेळानं म्हणाली, "पुन्हा लाव."

बाळाला मारलेली ती हाक, "पुढे या, पुढे या," त्या बारांतच आहे. ती माझ्यात आहे आणि मला ती काढून देता येत नाही. यासारखं दुःख नाही.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. जे जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा. कुठे ठेवलंय ते घरच्यांना सांगा, लाजू नका. आणि कुणाचं काही पुसण्याआधी एकदा मागे वळून त्याच्याकडे बघा.

मला टोपलीत येऊन आता पाच आठवडे झाले. सातवा दिवस आला की बाबा मला उचलतात, कानाशी धरून हळूच हलवतात आणि परत टोपलीत ठेवतात. मोजणी पुन्हा एकपासून.