कोरी पट्टी

मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावरची पट्टी सुटली आणि घरात पाऊल टाकताच आजोबा कपाटाकडे निघाले.

"आधी चहा तरी घ्या. पोस्टरं काही पळून जात नाहीत," लेक म्हणाली.

"चहा तरी कुठे पळतोय?"

आजोबा निवृत्त चित्रकला शिक्षक. आयुष्यभर त्यांना एकच नाद होता, नाटकांची जुनी पोस्टरं जमवायचा. तीही चित्रकाराने स्वतःच्या हाताने सही केलेलीच. उथळ, रुंद खणांच्या कपाटात ती आडवी ठेवलेली असत, मध्ये पातळ कागद घालून. कोणी बघायला आलं की ते शांतपणे समजावत, "चित्रातलं नाव छापलेलं असतं, ते सगळ्या प्रतींवर सारखंच. खालच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने केलेली ही सही मात्र हाताची. अशी दुसरी नाही."

सगळ्यात खालच्या खणात बायकोची पोस्टरं होती. ती एका नाटकगृहासाठी पोस्टरं करायची. शेवटचं छापून आलं तेव्हा तिला धड बसवतही नव्हतं. आजोबांनी तिचं मनगट धरलं आणि तिने सही केली. थरथरती, खाली उतरत गेलेली, शेवटच्या अक्षराशी तुटलेली. ती गेली, आणि पुढे त्यांच्या डोळ्यांपुढे ती सही धूसर होत होत दिसेनाशीच झाली. ऑपरेशनला इतकी वर्षं नाही म्हणणारा माणूस शेवटी हो म्हणाला, तो त्या सहीसाठी.

नात कपाटाशीच उभी होती. "आजोबा, एक गंमत आहे. पण रागवायचं नाही."

"रागवायला मी काय तुझी आई आहे?"

तिने खालचा खण ओढला. "तुम्ही दोघं दवाखान्यात होतात ना, तेव्हा मी आजीची सगळी पोस्टरं साफ केली. मधले कागदसुद्धा बदलले."

सगळ्यात वर ते शेवटचं पोस्टर होतं. एका हाताने पडदा बाजूला सारणारी बाई. लाल रंग इतका लाल असतो, हे आजोबा विसरूनच गेले होते. मग त्यांची नजर खाली उतरली. पट्टी कोरी होती.

"इथे काही होतं का गं?"

"कोणीतरी गिचमीड करून ठेवली होती. बाकीच्यांवर आजीचं नाव छान आहे, त्याला मी हात नाही लावला. तेवढं कळतं मला. तुम्हीच शिकवलंय ना, चित्र झालं की कडेच्या रेघा पुसायच्या, हलक्या हाताने, एकाच दिशेने."

चहा घेऊन आलेली लेक दारातच थिजली. तिने तोंड उघडलं, पण आजोबांनी हात वर करून तिला थांबवलं.

त्यांनी पोस्टर दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं. पेन्सिल जोर देऊन चालवली की पुसल्यावरही कागदावर तिची खाच उरते, हे त्यांनी कितीतरी पोरांना दाखवलं होतं. ते बराच वेळ पोस्टर कलतं करून बघत राहिले. नवा डोळा लख्ख होता. कागदाचा तंतू न् तंतू दिसत होता. खाच नव्हती. जोर द्यायला त्या हातात तेव्हा जोर उरलाच नव्हता.

"काय शोधताय, आजोबा?"

"कुठे एखादी रेघ राहिलीय का बघतोय."

"राहिलीय?" तिने काळजीने विचारलं.

"नाही गं बाळा. अगदी स्वच्छ पुसलंयस."

नातीचा चेहरा खुलला. आजोबांनी पोस्टर खणात ठेवलं, वर पातळ कागद घातला आणि त्याचे कोपरे नीट जुळवत बसले. चहा निवून गेला.