ओळखीचं मनगट

आई गेल्यानंतर ताई पहिल्यांदा शाळेत शिकवायला आली, तेव्हा रखवालदारकाकांनी तिला फाटकातच थांबवलं. नवा नियम निघाला होता. हातात कुणी काही घालायचं नाही. बांगडी, अंगठी, कडं, काहीच नाही. कुणाच्या तरी बांगडीने एका मुलाला ओरखडा उठला होता म्हणे. ताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिने मनगटातलं पीळदार पितळी कडं काढलं, काकांच्या खणात टाकलं आणि वर्गाकडे गेली.

भिंगरी खिडकीखाली बसली होती. पोरीला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. खुशीत आली की स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, म्हणून भिंगरी. ताईने सवयीने जमिनीवर टाच आपटली, शेजारी बसली आणि हात पुढे केला. भिंगरीने मनगट चाचपलं, कोपरापर्यंत गेली, पुन्हा खाली आली. मग तिने तो हात झिडकारला आणि भिंतीला पाठ लावून दात विचकले.

रुसली असेल, ताईला वाटलं. इतके दिवस आपण नव्हतो.

"लांब बसा, ताई. काल मला कडकडून चावलीय," दारातून मावशी म्हणाली. भिंगरीला बाथरूममध्ये न्यायला गेली आणि हातावर पट्टी बांधून घ्यायची वेळ आली. मोठ्या बाईंनी भिंगरीच्या आईला बोलावलं होतं. पोरीला आज घरी न्यायचं, ते कायमचंच.

मावशीची दोन्ही मनगटं मोकळी होती. एरवी ती हलली की बांगड्यांचा खळखळाट होई. ताई त्या मनगटांकडे बघत राहिली, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी स्वतःवरच. सगळ्या जन्माची शाळा केली आणि फाटकात माती खाल्ली.

ही तिची तिसरी शाळा. पहिली कर्णबधिरांची. तिथे टाच आपटायची, म्हणजे पायाखालची फरशी हलते आणि मुलं मान वर करतात. दुसरी अंध मुलांची. तिथे खोलीत शिरताना "मी आले" आणि निघताना "मी निघाले" म्हणायचं, नाहीतर मूल रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतं. दोन्ही सवयी घरापर्यंत आल्या होत्या. ताई टाच आपटून स्वयंपाकघरात जायची आणि "मी आले" म्हणायची. आई म्हणायची, "अगं, मला दिसतंय नि ऐकूही येतंय. अजून तरी."

भिंगरीची आई त्या दोन्ही शाळांच्या पायऱ्या झिजवून आली होती. एकीने सांगितलं, हिला दिसत नाही, आमच्याकडे कशी शिकणार. दुसरीने सांगितलं, हिला ऐकू येत नाही. म्हणून ती इथे, मतिमंदांच्या शाळेत. पोरगी मंद नव्हती. तिने माणसं मनगटांवरून पाठ केली होती. पीळ लागला की ताई, बांगड्या लागल्या की मावशी. नियमाने एका दिवसात तिची सगळी माणसं नाहीशी केली, आणि भलत्याच कुणीतरी तिला धरून बाथरूमकडे ओढलं.

ताई फाटकाकडे गेली. काका नाही नाही म्हणत असताना तिने खणातून कडं काढून हातात चढवलं आणि तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली. भिंगरीची आई खुर्चीच्या कडेवर टेकली होती. ताईने सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

"तुमची मनःस्थिती मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "आई जाऊन अजून महिना नाही झाला. अशात माणूस चिडतं. आणखी थोडी रजा घ्या."

भिंगरीची आई पुटपुटली की राहू द्या, ताई, आमचं आम्ही बघू, आम्हाला सवय आहे. त्या सवयीचाही ताईला राग आला.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, ताईच्या आईला धड दिसत नव्हतं आणि हाकही पोचत नव्हती. कुणीतरी न सांगता पाठीमागून येऊन तिला कुशीवर वळवलं आणि तिने हात उगारला. ताई औषधं घेऊन आली, तर आईचे दोन्ही हात पलंगाला बांधलेले. पेशंट मारतो, असं नर्सने सांगितलं होतं तिला.

"आई गेली म्हणून चिडले नाही मी," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अंधारात अनोळखी माणसाने हात घातला तर तुम्हीही चावाल. पोरीने बरोबर केलं."

"बरोबर?" मोठ्या बाईंनी मावशीला हाक मारली. पट्टी दाखव म्हणाल्या.

मावशी हिसके देणाऱ्या भिंगरीला दंडाला धरून घेऊनच आली. तिने पट्टी पाठीमागे लपवली. "हात माझा आहे ना, बाई? मग माझी तक्रार नाही. घरचे याच्याहून जास्त चावतात, जिभेने."

ताईने टाच आपटली आणि भिंगरीसमोर हात धरला. भिंगरीची बोटं मनगटावर आली, पिळावर थांबली, दोनदा फिरली. मग तिने ते कडं मुठीत आवळलं आणि कपाळ ताईच्या दंडावर टेकवलं. भिंगरीच्या आईने तोंडाला पदर लावला.

"नियम सगळ्यांना सारखाच हवा ना," मोठ्या बाई म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

"मग घड्याळ काढा."

"घड्याळ वेगळं."

मावशीला हसू आवरेना. मोठ्या बाईंनी मनगट टेबलाखाली घेतलं. मग म्हणाल्या, तुमच्या वर्गापुरती सवलत देते, महिनाभर प्रयोग म्हणून. पुन्हा चावली तर मात्र माझा नाइलाज होईल.

"प्रयोग मुलीवर नाही करायचा," ताई म्हणाली. "नियमावर करा. तिचं नाव पटावर आहे, तिथेच राहील."

मोठ्या बाईंनी मान हलवली. हो म्हणून की सुटका म्हणून, ते कळलं नाही. "बरं. आता तरी शांत व्हाल ना?"

"नाही," ताई म्हणाली, आणि भिंगरीला घेऊन वर्गाकडे निघाली.